इंदुरात हिरवा गॅस: हिशेब कसा मांडायचा

ब्रिटनमध्ये ग्राहक कंपन्यांचे हिरव्या गॅसचे, म्हणजे कचरा-शेणासारख्या जैविक मालातून बनलेल्या गॅसचे, दर पाहून निवड करतात. आपल्याकडे घरगुती पाइप गॅसला तशी निवड नाही. इंदुरातल्या देवगुराडियाच्या प्रकल्पात 2022 पासून रोज 550 टन ओला कचरा पचवण्याची सोय आहे, पण तिथला बायो-सीएनजी (कचऱ्यातून बनवलेला, वाहनांत चालणारा गॅस) मुख्यतः बसगाड्यांना जातो. घरापर्यंत हिरवा वाटा पोचतो तो नेहमीच्या गॅसमध्ये मिसळून: 2025-26 साठी 1 टक्का, 2028-29 पर्यंत 5 टक्के, असं केंद्राचं बंधन आहे.

तेव्हा पाइप गॅसची तुलना करायची ती सिलिंडरशी. 14.2 किलोच्या टाकीतली उष्णता म्हणजे साधारण 17 घनमीटर पाइप गॅस. बिलातला घनमीटरचा दर गुणिले 17 करा, त्यावर स्थिर आकार आणि व्हॅट धरा, आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहा. जोडणीची अनामत परत मिळते, ती खर्चात मोजू नका.

खरी गडबड शेगडीत होते. पाइप गॅसचा दाब सुमारे 21 मिलिबार, सिलिंडरचा 30. शिवाय तेवढ्याच घनफळात पाइप गॅसची उष्णताही कमी. म्हणून नोझलचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं) छिद्र मोठं लागतं. जुनं नोझल ठेवलं तर आच मंद, पोळी कडक. कुणी ते ड्रिलने वाढवून देतो म्हणाला तर मुळीच ऐकू नका! छिद्र वेडंवाकडं होतं, ज्योत पिवळी पडते, भांडी काळी होतात आणि गॅस वाया जातो. योग्य मापाचं नवं नोझलच बसवून घ्या.

गोठा असेल तर गोष्ट वेगळी: 2 घनमीटरच्या बायोगॅस संयंत्राला रोज 50 किलो शेण, तितकंच पाणी. त्यातून रोज 800-900 ग्रॅम सिलिंडर-गॅसइतकं इंधन मिळतं. थंडीत मात्र कमी.