सही जुळत नाही

बाबांचा चेक परत आला. सोबतच्या छापील चिठ्ठीत कारणांची लांबलचक यादी होती आणि ‘सही जुळत नाही’पुढे पेनाने खूण. आम्ही बँकेत गेलो. खातं १९८६ सालचं. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन थोडी आमच्याकडे वळवली. तिथे बाबांची एकोणचाळीस वर्षांपूर्वीची सही होती. पहिल्या अक्षराची ऐटबाज उडी, शेवटी खाली खेचलेली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बाबा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले आणि म्हणाले, “या माणसाची सही झकास आहे.”

मुलगी हसली नाही. “तशीच करा ना काका,” म्हणाली.

तेव्हापासून बाबा रोज चहानंतर जेवणाच्या टेबलाशी बसून पाठकोऱ्या कागदांवर स्वतःची सही गिरवतात. हात किंचित थरथरतो, उडी मारायच्या जागी अक्षर धडपडतं. मग ते पेनला नावं ठेवतात. मी मदत करू शकले असते, पण कशी ते सांगायची सोय नाही. आठवीत गणिताच्या पेपरवर मी ही सही इतकी बेमालूम केली होती की शाळेत कुणाला संशयही आला नाही. ती १९८६ ची सही आज घरात सगळ्यात चांगली मला येते.

याच दिवसांत मी भाजी चिरताना जॉन फोगर्टी ऐकत होते. हा बाबांपेक्षा एका वर्षाने मोठा, १९४५ चा. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या कॅलिफोर्नियाच्या बँडचा गायक, गिटारवाला आणि जवळजवळ सगळ्या गाण्यांचा कर्ता. ‘प्राउड मेरी’ त्याचं, ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ त्याचंच. हे दुसरं आमच्या कॉलेजात ज्याला गिटारवर चार कॉर्ड्‌स येत तो प्रत्येक जण वाजवायचा आणि ज्याला तीनच येत तोही. तर या गृहस्थाने २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, क्रीडन्सची वीस जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड करून ‘लेगसी’ नावाचा अल्बम काढला. प्रत्येक गाण्याच्या नावापुढे ‘जॉन्स व्हर्जन’. माझ्या भाचीने ते वाचून लगेच विचारलं, “हे टेलर स्विफ्टचं बघून ना?” हो, तिचंच बघून. तिनेही मालकी दुसऱ्याकडे गेलेले आपले जुने अल्बम पुन्हा गाऊन ‘टेलर्स व्हर्जन’ म्हणून काढले होते. आजोबांनी नातीच्या वयाच्या पोरीकडून युक्ती उचलली.

पुन्हा गाण्याचं कारण व्यवहाराचं. १९६८ ते १९७२ या काळातली ती मूळ रेकॉर्डिंग्ज फँटसी रेकॉर्ड्‌स या कंपनीच्या मालकीची झाली आणि गाण्यांचे हक्कही तिच्याकडेच गेले. करारातून सुटण्यासाठी फोगर्टीने आपली रॉयल्टीसुद्धा सोडून दिली. गाण्यांच्या हक्कांतला मोठा वाटा त्याला २०२३ मध्ये परत मिळाला, पण रेकॉर्डिंग्ज नाहीत. मग काय, स्वतःच्या मालकीच्या गाण्याची स्वतःच नक्कल करायची. गंमत म्हणजे हा नवा अल्बम काढला तो कॉनकॉर्ड कंपनीने, आणि जुन्या फँटसीची आजची मालकही कॉनकॉर्डच. म्हणजे सूड घ्यायचा तो शत्रूच्या घरी जेवून.

पुनर्ध्वनिमुद्रणाची ही जात तशी फार कुलीन नाही. अमेरिकी गायक चक बेरीने चेस कंपनी सोडून मर्क्युरीत गेल्यावर, १९६७ मध्ये, आपली गाजलेली गाणी पुन्हा गायली. एव्हर्ली बंधूंनी त्याआधीच, १९६४ मध्ये, तेच केलं होतं. कंपनी बदलली की हिट गाणी जुन्या घरी राहतात, म्हणून नव्या घरी तीच पुन्हा रांधायची. मी एकदा फुटपाथवरून जुन्या रॉक अँड रोलची अशी कॅसेट मोठ्या आनंदाने आणली. घरी येऊन ऐकते तर गायक तोच, गाणं तेच, पण जीव दुसराच. झंकार बीट्सच्या कॅसेटवर निदान ठेका वाढवल्याचं सांगून तरी टाकत. इथे कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत कबुली होती, ‘मूळ कलाकाराने पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले’. पैसे गेल्यावर दिसतात ती अक्षरं.

फोगर्टीचं तसं झालेलं नाही. गिटारचा आवाज, ढोलाची जागा, मध्येच मारलेली आरोळी, सगळं त्याने इमानाने जुन्यासारखंच बसवलंय. बँडमध्ये पूर्वी थोरला भाऊ टॉम होता. तो १९९० मध्ये गेला, तोवर दोघांचं धड बोलणंही उरलं नव्हतं. आता सोबतीला शेन आणि टायलर हे मुलगे आहेत. आवाज ऐंशीच्या मानाने थक्क करणारा. मी मात्र सुरी बाजूला ठेवून जुनं आणि नवं लागोपाठ लावलं. जुन्यात तो चोवीस-पंचविशीचा पोरगा घशावर शिरा ताणून, कुणाशी तरी भांडल्यासारखा गातो. नव्यात स्वर तेच, पण भांडण नाही. आपल्याकडे वय झालेल्या गवयाचा यमन आज कुठे नेतो हे ऐकायला लोक जातात, कालच्यासारखाच असावा असा हट्ट कुणी धरत नाही. रॉकमध्ये तबकडी हीच मूळ सही. तिच्याशी जुळवून बघतात.

आणि हे जुळवणं या माणसाच्या वाट्याला किती विचित्र तऱ्हेने आलं! फँटसीशी असलेल्या रागापायी तो कित्येक वर्षं क्रीडन्सची गाणी जाहीरपणे गातच नव्हता. तोच सांगतो की १९८७ मध्ये बॉब डिलनने त्याला सुनावलं, ‘प्राउड मेरी’ तू गायलं नाहीस तर लोकांना ते गाऊन गाजवणाऱ्या टीना टर्नरचंच वाटेल. दरम्यान १९८५ मध्ये त्याचं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ गाजत होतं आणि फँटसीने खटला भरला. आरोप काय, तर हे गाणं १९७० च्या ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे. ते जुनं गाणंही फोगर्टीचंच, हक्क फक्त कंपनीचे! म्हणजे तू तुझ्यासारखा ऐकू येतोस, हा गुन्हा. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि आपण गाणं कसं बांधतो ते ज्युरीला वाजवून दाखवलं. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. वकिलांच्या खर्चाचा वाद पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४ मध्ये तोही त्याच्या बाजूने लागला.

तोवर १९९५ उजाडलं. बँडमधल्या उरलेल्या दोघांनी, स्टू कुक आणि डग क्लिफर्डने, दुसराच गायक घेऊन क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड काढलं आणि ही गाणी गावोगावी वाजवायला लागले. आता फोगर्टी कोर्टात गेला. दुसऱ्याने केलेली आपली सही माणसाला सहन होत नाही. हे लिहिताना मला आठवीतला गणिताचा पेपर आठवतो, ते सोडा.

मागच्या सोमवारी आम्ही पुन्हा बँकेत गेलो. गिरवून गिरवून बाबांची सही आता १९८६ सारखीही नव्हती आणि आजच्यासारखीही. शेवटी मुलीनेच मार्ग सांगितला, नमुना सही बदलून घ्या. फॉर्मवर तीन चौकटी. पहिल्या दोन बऱ्या गेल्या. तिसऱ्या चौकटीत मात्र बाबांचा हात कुठून जोरात आला कोण जाणे, शेपटी चौकटीबाहेर गेली आणि टिंबंही पडली. “ही वेगळी दिसते,” मुलगी म्हणाली. मग आत जाऊन साहेबांना दाखवून आली. चालेल म्हणाले.

परत येताना रिक्षात मी बाबांना फोगर्टीची गोष्ट सांगितली. त्याची एक लाडकी गिटार होती, सत्तरच्या दशकात त्याने एका मुलाला देऊन टाकलेली. बायकोने ती शोधून २०१६ च्या नाताळात त्याच्या हातात ठेवली, हेही सांगितलं. बाबांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, फक्त आपलं काळं पेन तुझ्या आईने कुणाला दिलं असेल, एवढं विचारलं. कोर्टाचा भाग मात्र दोनदा सांगायला लावला.

“म्हणजे भर कोर्टात वाजवू दिलं त्याला?”

“हो.”

“बसायला दिलं होतं?”

“दिलं असणार. गिटार घेऊन उभं कसं राहणार?”

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्या मुलीने मला तीनही सह्या उभ्याने करायला लावल्या.”