पुठ्ठ्यावरचा चंद्र आणि सोनेरी विक्रम

लेकीचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटी येतो आणि यंदा थीम तिनेच सांगून टाकली, चांद्रयान. युनिकॉर्न नाही, प्रिन्सेस नाही, मी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. ऑनलाइन किट बघितले, पण सगळ्यांत तेच फुग्यांचं तोरण, तोच परदेशी अंतराळवीर आणि तीच चंदेरी झालर, चंद्रावर उतरलेलं आपलं विक्रम लँडर आणि त्यातून बाहेर पडलेली प्रज्ञान ही छोटी गाडी, यांचा पत्ताच नाही. मग म्हटलं चला, घरीच करू.

पहिलं काम चंद्राचं. थर्माकोलचा प्रश्नच नव्हता, 2018 पासून आपल्याकडे सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि ते पांढरे दाणे घरभर उडतात ते वेगळंच. आम्ही वापरले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. तुकडे करून रात्रभर भिजत घालायचे, सकाळी मिक्सरमधून काढायचे (जुनं भांडं घ्या, चटणीचं नको), घट्ट पिळायचे आणि मैद्याच्या खळीत कालवायचे. याची गंमत म्हणजे लगदा मुळातच राखाडी असतो, रंगवायची गरजच नाही, चंद्र आयता चंद्राच्या रंगाचा होतो! खळीसाठी एक वाटी मैदा, चारपाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं आणि बुरशी धरू नये म्हणून चमचाभर मीठ. पूर्वी खळीत मोरचूद घालायचे, पण ते विषारी, मुलांचे हात लागणार असतील तर अजिबात नको.

मोठा गोल पुठ्ठा कापून त्यावर हा लगदा पातळ थापला आणि विवरं करायला वाट्या, औषधाच्या बाटल्यांची झाकणं, पेनाची टोपणं जे हाताला लागेल ते दाबलं. हे काम पूर्ण मुलांचं, आपण मध्ये पडायचं नाही. एकात एक विवरं, कडेला फुटलेली विवरं, जितकं वेडंवाकडं तितकं खरं दिसतं. फक्त पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही खळीने कागद चिकटवा, नाहीतर वाळताना पुठ्ठा पापडासारखा वळतो. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतोच, फॅनखाली ठेवा आणि धीर धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुठल्याच डेकोरेशनच्या व्हिडिओत सापडलं नाही. दिवा समोरून लावायचा नाही, बाजूने लावायचा. समोरून उजेड पडला की चंद्र नुसती राखाडी भाकरी दिसतो, बाजूला खाली टेबललॅम्प ठेवला की प्रत्येक खड्ड्याची सावली पडते आणि मुलं एकदम "ओऽऽ" करतात. आकाशातही तसंच आहे ना, पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या चंद्रावर दुर्बिणीतून विवरं जास्त छान दिसतात. आणि विक्रम उतरला त्या दक्षिणेकडच्या भागात तर सूर्य कधी फार वर येतच नाही, त्यामुळे सावल्या लांबलचकच. थोडक्यात पैसे खर्च करायचे तर दिव्यावर करा, कागदावर नको.

विक्रमसाठी बुटांचा खोका आणि पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेला सोनेरी कागद. या दिवसात तिथे गणपतीच्या सजावटीचा माल ओसंडून वाहत असतो, त्यामुळे ऑगस्टमधल्या मुलांच्या आयांची चांदी. कागद आधी चांगला चुरगळायचा, मग उलगडून चिकटवायचा. खऱ्या यानावरचं ते सोनेरी आवरण म्हणजे ऊन आणि थंडीपासून वाचवणारे पातळ फिल्मचे थर असतात आणि तेही असंच सुरकुतलेलं दिसतं, शिवाय सुरकुत्यांत आपले जोड लपतात. पाय चार, स्ट्रॉचे. प्रज्ञान म्हणजे काडेपेटी, सहा बाटल्यांची झाकणं आणि आसाला खराट्याच्या हिरा. चाकं सहाच हवीत, यावर माझ्या घरी कडक देखरेख होती. चांद्रयान घेऊन गेलेलं एलव्हीएम3 रॉकेट खरं 43.5 मीटर उंच, आम्ही मीटरला 2 सेंटिमीटर धरले, म्हणजे 87 सेंटिमीटर, कापडाच्या तागाच्या पुठ्ठ्याच्या नळीतून झालं आणि दोन्ही बाजूंना बूस्टर म्हणून जरा बारीक नळ्या.

फुगे मोजकेच लावले. मला ती फुग्यांची कमान आवडत नाही, स्पष्टच सांगते, दोन तास फुंकायचं आणि केक कापायच्या आत निम्मे फुटलेले.

त्याऐवजी दाराशी वजनकाटा ठेवला आणि वर पाटी, "चंद्रावर माझं वजन किती?" तिथे गुरुत्वाकर्षण साधारण एक षष्ठांश, म्हणून आलेल्या आकड्याला सहाने भागून चिठ्ठीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी भिंतीवरच्या दोरीला चिमट्याने लावायची. 21 किलोची लेक साडेतीन किलोची झाली, सासरे 72 वरून 12 वर आले आणि ते दिवसभर सगळ्यांना सांगत होते. पाहुणे येतील तशी पताका वाढत गेली, आम्हाला वेगळं तोरण करावंच लागलं नाही. केक बरोबर 6 वाजून 4 मिनिटांनी कापला, 23 ऑगस्ट 2023 ला विक्रम उतरला तीच वेळ, आणि उलटी मोजणी पोरांनी इतक्या जोरात केली की खालच्या मजल्यावरच्या काकू बघायला वर आल्या.

चंद्र इतका झकास झाला होता की हॉलमध्येच राहू द्यावा असा माझा विचार होता. पण सासूबाई म्हणाल्या, "अगं, चतुर्थी आलीये तोंडावर, घरात रोज चंद्रदर्शन नको बाई, उगाच आळ यायचा." सध्या तो माळ्यावर आहे, तोंड भिंतीकडे करून.