डाळ मिल, वेफर्सची भट्टी आणि सहा जणांची वरात

हे सगळं सुरू झालं वरणावरून. चौथीतल्या आमच्या पोरीने जेवताना विचारलं, तूर वरून तपकिरी असते ना, मग डाळ पिवळी कशी? सासूबाईंनी जातं कसं ओढायचे ते सांगितलं, ह्यांनी मोबाईल काढला, धड कोणालाच सांगता येईना. मी म्हटलं चला ना, धुळ्याहून जळगाव काय लांब आहे, तिकडे एमआयडीसीत एवढ्या डाळ मिल, एखादी दाखवून आणू, येता-जाता किल्ला वगैरे पण होईल. मला वाटलं फोन करायचा, वेळ घ्यायची, गाडी काढायची. तीन आठवडे लागले बघा.

पहिला फोन एका मोठ्या फूड कंपनीत केला. तिकडच्या मॅडम गोड बोलल्या, कोणती शाळा तुमची? म्हटलं शाळा नाही हो, घरचेच आहोत, सहा जण. मग म्हणे लेटरहेडवर पत्र द्या, सोबत सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स. आता घराचं लेटरहेड कुठून आणू? दुसऱ्या ठिकाणी म्हणाले वर विचारून कळवतो, ते वर अजून विचारतायत. मग डोक्यात प्रकाश पडला की आपल्याकडे कारखान्यात शिरायची वाट लग्नाच्या पंगतीतून जाते. ह्यांच्या आतेभावाच्या शेजाऱ्याचा साडू, त्याची मिल. दोन फोनमध्ये काम झालं. "या की ताई, पण शनिवारी नको, मशीन बंद असतं, रविवारी सकाळी आठला या, आता नवीन तूर आलीय, बघण्यासारखं आहे." वर अटी पण सांगितल्या, पायात बूट पाहिजे, पदर-ओढणी खोचलेली पाहिजे कारण पट्टे फिरत असतात, आणि पोरांचा हात सोडायचा नाही. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले, नातवाचे, आठवीतल्या.

म्हणजे शनिवार मोकळाच पडला, तो इतिहासाला दिला. सहा नंबर हायवेने (नंबर बदलला तरी आमच्याकडे अजून सहा नंबरच) आधी पारोळा. तिथला भुईकोट जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला, झाशीच्या नेवाळकर घराण्याशी या गावाचं नातं, त्यामुळे माझ्या डोळ्यासमोर काय काय होतं, आणि पोहोचलो तर किल्ला गावात एवढा गुरफटलेला की बाजारातून वाट विचारत विचारत शिरलो. आत बुरुजांवर झुडपं, खंदकात नको ते. पण तट अजून असा उभा आहे की पोरगा अर्धा तास खाली उतरेना. मला एकीकडे बरं वाटत होतं, एकीकडे चीड येत होती.

तिथून अमळनेर. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, शाळा बाहेरून पाहिली. पण खरी मजा वेगळीच, पोरांना सांगितलं की विप्रो ही कंपनी इथली, १९४५ मध्ये वनस्पती तूप आणि तेल करायला सुरू झालेली. पोरगा म्हणे कम्प्युटरवाली विप्रो? तुपाची? गेटसमोर गाडी थांबवून दाखवलं तेव्हा विश्वास बसला. गावातल्या ज्या लोकांनी तेव्हाचे शेअर जपून ठेवले ते पुढे करोडपती झाले. हे ऐकून ह्यांनी एक लांब श्वास सोडला, कारण ह्यांच्या आजोबांनी त्या काळात बैलजोडी घेतली होती.

रात्री जळगावला आतेभावाकडे शेवभाजी, झणझणीत, पोरीने दही मागून मागून खाल्ली.

रविवारी आठला मिलवर. गेटातच आवाजाने कान बधिर. मालकांनी सांगितलेलं मला कळलं तसं सांगते. आधी तूर चाळण्यांवर साफ होते, खडे-माती जातात, मग बारीक-मोठी वेगळी. मग खरखरीत लेप दिलेल्या रोलरमधून जाते, त्यात साल फुटत नाही, नुसती ओरखडते. त्या ओरखड्यांतून तेल आत जावं म्हणून दाण्याला थोडं तेल चोळतात आणि ढीग घालून मुरू देतात. मग अंगणात ऊन. एवढं मोठं अंगण, त्यावर तूर पसरलेली, माणसं पायाने ओळी ओढत फिरतायत, ऊन पडलेलं, माझ्या मनात तेच चित्र राहिलंय. मग पाणी मारून परत मुरवायची, परत वाळवायची, तेव्हा कुठे साल सुटते आणि दाणा दोन फाका होतो. एका फेरीत होत नाही, न सुटलेली परत फिरवतात. मोठी, अखंड, चकचकीत ती फटका डाळ, तिला भाव जास्त. क्विंटलला ७०-७५ किलो डाळ निघाली की मालक खूश, बाकी साल, चुरी, चुनी. पोरीला तिचं उत्तर मिळालं, म्हणजे पिवळी ती आधीपासूनच होती, वरचा कोट काढला फक्त, हे तिचेच शब्द. सासूबाई मात्र सगळं बघून मला हळूच म्हणाल्या, "आम्ही हेच करायचो ना गं, तेल लावून, उन्हात घालून. यांनी मोटर लावली." आणि मालकांकडून पाच किलो चुनी घासाघीस करून घेतली, शेजारच्यांच्या म्हशीसाठी. डाळ नाही घेतली, महाग म्हणे.

पुढे भुसावळवरून फैजपूर. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन इथे भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष. मी एवढं सांगेपर्यंत पोरांना दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा दिसल्या आणि इतिहास संपला. रस्त्यावर जागोजाग वेफर्सच्या भट्ट्या. इथे ना फोन लागला ना पत्र, गाडी थांबवली, भाऊ बघू का, बघा की. कच्ची हिरवी केळी सोलून थेट कढईवरच किसणी धरतात, चकती सरळ उकळत्या तेलात. मग मिठाचं पाणी असं भसकन तेलात टाकतात, आम्ही सगळे दोन पावलं मागे, आणि तो भाऊ हसतोय. पाणी उडून जातं, मीठ चिकटून बसतं. मी इतकी वर्षं समजत होते की मीठ वरून भुरभुरतात. गरम वेफर्स कागदावर घेऊन उभ्यानेच अर्धा किलो संपवले, तीन किलो घरी घेतले, त्यातले धुळ्यापर्यंत दोन पोहोचले.

येताना चुनीचं पोतं सासूबाईंनी मागच्या सीटवर पायाशी घट्ट धरलेलं, डिकीत ठेवू देईनात, गाडीभर वास. सोमवारी संध्याकाळी शेजारच्या काकू अर्धा लिटर दूध घेऊन आल्या.