शांतिवनमला जाताय? आधी ‘तण्णीरपळ्ळी’ म्हणायला शिका

नदीकाठचा आश्रम, राहणं-खाणं फुकट, दिवसभर ध्यान. एवढं ऐकून कोल्हापुरातून तमिळनाडूची तिकिटं काढणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. मे महिन्यात त्या नदीत वाळू असते. राहणं फुकट नसतं. आणि दिवस ध्यानावर नाही, घंटेवर चालतो.

ठिकाण म्हणजे तिरुचिरापल्ली-करूर रस्त्यावरच्या कुळित्तलै गावाजवळचा सच्चिदानंद आश्रम, ऊर्फ शांतिवनम्. जूल मोंशानँ आणि आंरी ल सो (अभिषिक्तानंद ते हेच) या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी १९५० साली कावेरीच्या काठी तो सुरू केला. १९६८ मध्ये इंग्रज संन्यासी बीड ग्रिफिथ्स आले, १९९३ पर्यंत तिथेच राहिले आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. आज हा कॅमल्डोलीज बेनेडिक्टाइनांचा, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमानं राहणाऱ्या कॅथलिक संन्याशांचा, चालता मठ आहे. पाहुणा आला म्हणून मठाचं वेळापत्रक हलत नाही. पाहुण्यानं त्यात बसायचं.

जायचं कसं? मिरजेहून दुपारची राणी चेन्नम्मा, सकाळी बेंगळुरू. पुढे दोन वाटा. संध्याकाळची, मैसूरूहून मयिलाडुतुरैमार्गे कडलूरला जाणारी गाडी सेलम-करूरवरून तिरुचिरापल्लीला जाते, पण ती नको ती वेळ गाठते, मध्यरात्रीनंतर. पहाटे चारला अनोळखी स्टँडवर जांभया देत बसायची हौस नसेल तर दिवसाची बस घ्या. मात्र नामक्कल-मुसिरीवरून जाणारी असेल तर तिरुचिरापल्लीपर्यंत जाऊ नका. मुसिरीला उतरा, कावेरीवरचा पूल ओलांडला की समोर कुळित्तलै. पस्तीस किलोमीटर पुढे जाऊन तेवढेच मागे यायचं कारण नाही. स्वतःची गाडी असेल तर बेंगळुरू, कृष्णगिरी, सेलम, नामक्कल, करूर. रस्ता उत्तम, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरी लूट शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला आहे. तिरुचिरापल्लीहून करूरच्या बसमध्ये बसलात तर आश्रमाचा थांबा तण्णीरपळ्ळी हा कुळित्तलैच्या अलीकडे येतो. जलद बस तिथे थांबत नाही. कंडक्टर तुम्हाला कुळित्तलै स्टँडवर उतरवतो. तिथे पाठीवर सॅक आणि तोंडात हिंदी दिसली की रिक्षाची पहिली बोली दुप्पट-तिप्पट. हिंदीत घासाघीस करू नका, उपयोग शून्य. बोटांनी आकडा दाखवा आणि चालायला लागा, चार पावलांत भाव उतरतो. त्याहून बरं म्हणजे बसमध्ये चढण्याआधीच कंडक्टरला ‘तण्णीरपळ्ळी, शांतिवनम्’ म्हणून विचारा आणि मान हलली तरच चढा. आपल्याकडे ळ आहे, इथे तो कामाला येतो. ‘पल्ली’ म्हणालात की भलतंच गाव ऐकू जातं. तिरुचिरापल्लीकडून येताना नदी उजव्या हाताला असते, उतरून त्याच बाजूला आत वळायचं. नकाशात नुसतं ‘शांतिवन’ टाकू नका, त्या नावाची ठिकाणं गावोगाव आहेत.

आधी तारखा कळवून होकार घेतल्याशिवाय निघू नका. ख्रिसमस आणि ईस्टरआधीचा आठवडा तर कळवूनही टाळावा. आधार कार्ड, सुती चादर, टॉर्च आणि मच्छरदाणी बरोबर हवीच. खोलीत असेल या भरवशावर मच्छरदाणी न घेता जाणाऱ्याला कावेरीकाठचे डास रात्रभर जागवतात. खांदे झाकणारे कपडे. आणि कोल्हापुरी चप्पल कृपा करून घरी ठेवा. पहाटे पाचच्या सुमाराला, सगळे मौनात चालत असताना तिची कर्रकर्र अख्ख्या वाडीला ऐकू जाते. रबरी स्लीपर न्या.

आता ज्या गोष्टीत आपली माणसं हमखास चुकतात ती. चर्च बाहेरून दाक्षिणात्य देवळासारखं आहे, गोपुरासकट. आत जमिनीवर मांडी घालून बसायचं. सकाळच्या प्रार्थनेत चंदन, दुपारी कुंकू, संध्याकाळी भस्म. ते सगळ्यांना मिळतं, बिनधास्त लावा. कापराची आरतीही सगळ्यांनी घ्यायची. संस्कृत मंत्र, उपनिषदांतले उतारे, तमिळ भजन. सकाळच्या मिस्सेत (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पणाच्या वेळी थाळीभोवती आठ दिशांना आठ फुलं ठेवतात. इथवर सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून पुढे भाकर वाटायला लागले की हात आपसूक पुढे जातो, अंबाबाईच्या देवळात तीर्थाला जातो तसा. तो आवरा. ते प्रसाद वाटणं नव्हे, कम्युनियन आहे, ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर घेण्याचा विधी. चर्चच्या नियमानं ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच. बसल्या जागी हात जोडून शांत राहिलं की झालं, कुणी वाईट मानत नाही. देणाऱ्यालाच तिथे ‘घेऊ का?’ म्हणून विचारत बसणं मात्र त्याला अडचणीत टाकणं आहे. शंका असेल तर आदल्या दिवशी अतिथी बघणाऱ्या ब्रदरना विचारा.

बाकीचे मठवासी आपल्याशी बोलत नाहीत म्हणून नाराज होणारे बरेच. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत ७३ प्रकरणं आहेत. त्यातलं ५३वं पाहुण्यांचं. पाहुण्याला ख्रिस्त समजून घरात घ्या, असं ते सांगतं, आणि नेमून दिल्याशिवाय कुणी त्याच्याशी गप्पा मारू नयेत, असंही तेच सांगतं. तेव्हा तो तुसडेपणा नाही, शिस्त आहे.

जेवण शाकाहारी, जमिनीवर, हातानं, न बोलता. भात, सांबार आणि पुन्हा भात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची जीभ दुसऱ्या दिवशी कुरकुरते. चटणीची पुडी पंगतीत सोडणं वाईट दिसतं, त्यापेक्षा तीन दिवस गप्प खा. घंटा झाल्यावर पंधरा मिनिटांनी रमतगमत पोचाल तर पंगत उठत आलेली असेल. न्याहारीनंतर भाजी चिरायला हात लावा. आखडलेले गुडघे हा दुसरा त्रास. मांडी जमत नसेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागा, तिसऱ्या दिवशी लंगडत मागण्यात शहाणपण नाही.

कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची रूढ तारीख १२ जून. त्याआधीच्या महिन्यांत नदी म्हणजे तापलेली वाळू आणि दुपार चाळिशीच्या घरात. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी बरा काळ, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडचा पाऊस. पाणी असलं तरी पंचगंगेच्या घाटावर पोहल्याचा तोरा इथे नको. वाळूतल्या खड्ड्यांचा अंदाज लागत नाही. स्थानिक माणसं उतरतात तिथेच उतरा.

पैशाचं. दर मागत नाहीत म्हणजे खर्च नाही असं नव्हे. महाद्वार रोडवरच्या साध्या लॉजचं भाडं अधिक दोन वेळचं जेवण, गुणिले रात्री, हा हिशेब करून तेवढी रोकड पाकिटात घालून निघताना द्या. त्याहून कमी देणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर सहल. तीन रात्रींपेक्षा कमी जाऊ नका, पहिला दिवस झोपेतच जातो. आणि परतीला बेंगळुरूहून मिरजेचं आरक्षण जातानाच करून ठेवा. बस वेळेवर येईल असं धरून दोन तासांचं अंतर ठेवू नका, सहा तास ठेवा.