पालशेतच्या पुढची पाखाडी, आणि कोकणात सायकलसाठी कोणतं ॲप घ्यावं

पालशेत सोडून वेळणेश्वरकडे निघालात, सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळपठारावर, आलात आणि फोन म्हणाला की उजवीकडे वळा, चार किलोमीटर वाचतील, तर वळू नका. खरं तर एवढंच सांगायला बसले होते. पण कोकणात ही वेळ एकाच ठिकाणी येत नाही, म्हणून सगळंच लिहिते.

डिसेंबरात मी आणि माझा भाचा, दोघांनी अलिबाग ते शिरोडा किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवली. नऊ दिवस लागले. सायकल तुम्ही चालवता, पंक्चर काढता येतं, सामानासकट चढ चढायची सवय आहे, असं धरूनच पुढचं लिहिते आहे. राहायचं कुठे, जेवायचं काय, हे सांगणारे खूप आहेत.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग नकाशावर एक रेघ दिसतो. जमिनीवर त्याचे खाड्यांनी तुकडे केले आहेत. काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर फेरी बोट आहे, आणि प्रत्येक खाडीशी रस्ता पार समुद्रपातळीला उतरतो व पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. वाडीवाडीला फाटे फुटतात, पाटी असली तर पुढच्या वाडीचीच असते, पुढच्या गावाची नाही. सड्यावर मोबाइलला रेंज असते. खाडीच्या तळाशी, जिथे फाटे असतात नेमकं तिथे, नसते. म्हणून ऑफलाइन नकाशा हवाच. निघण्याआधी भाच्याने एक ॲप वर्षभराचे पैसे भरून घेतलं. नाव लिहीत नाही. जाहिरातीत सायकलवाल्यांसाठीच बनवलेलं, पूर्ण ऑफलाइन, आवाजी सूचना, असं सगळं होतं.

पहिली शंका दुसऱ्याच दिवशी यायला हवी होती. मुरुडहून दिवेआगरला जाताना ते ॲप आम्हाला खाडीला वळसा घालून म्हसळ्यावरून नेत होतं. आगरदांडा–दिघी फेरी त्याच्या नकाशात स्पष्ट दिसत होती, तरी. आम्हाला फेरी माहीत होती म्हणून सरळ आगरदांड्याच्या धक्क्यावर गेलो आणि विषय सोडून दिला. चूक तिथेच झाली. सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ हे बटण आधीपासून चालू होतं. ते तेव्हाच उघडून बघितलं असतं तर बाकीची बटणंही दिसली असती.

पाचव्या दिवशी सकाळी गुहागरहून निघालो. पालशेतची खाडी ओलांडून चढ चढलो, सड्यावर मोकळा वारा होता, पाय चांगले चालत होते. आवाज आला, उजवीकडे वळा. डांबर होतं, वळलो. अर्ध्या किलोमीटरवर डांबर संपलं, जांभ्याची लाल माती आली. तीही चालवण्यासारखी होती. मग दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, आले, वाट एका सायकलीपुरती झाली आणि आंबा-काजूच्या सावलीत शिरली. इथे थांबायला हवं होतं. भाचा म्हणाला, ‘‘मावशी, फक्त दीड किलोमीटर राहिलंय, मग परत रस्ता.’’ फोन तसंच दाखवत होता. पुढच्या वळणावर पायऱ्या सुरू झाल्या.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. पाखाडी म्हणजे डोंगरउतारावर जांभा दगड रचून केलेली पायवाट. वरच्या वाडीतून खालच्या वाडीत, देवळात, विहिरीवर जायला पिढ्यान् पिढ्या वापरात असलेली. माणसांसाठी ती उत्तम असते. पण पायरी कुठे वीतभर, कुठे गुडघ्याएवढी. दगड झिजून गुळगुळीत झालेले, वर वाळका पाला, खाली शेवाळ. माझ्या सायकलीवर मागे लटकवलेल्या दोन पिशव्या (पॅनिअर), पुढे बॅग, मिळून चौदा किलो सामान. ती सायकल एकेक पायरी उतरवायची म्हणजे दोन्ही ब्रेक दाबून, कमरेने रेटून धरायची आणि पाय ठेवायला जागा शोधायची. वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर परत फिरणं सुचलं, पण तोवर वर चढवणं उतरवण्याहून अवघड झालं होतं. आम्ही सामान सोडवलं. आधी पिशव्या खाली नेऊन ठेवायच्या, परत वर यायचं, मग दोघांनी मिळून एक सायकल, परत वर, मग दुसरी. असं चार टप्प्यांत केलं. दीड किलोमीटरला पावणेतीन तास लागले. मधे एक व्हाळ, म्हणजे ओढा, होता, त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, होता, साकवाच्या दोन फळ्या नव्हत्या.

खालून एक आजी डोक्यावर सरपणाची फाटी घेऊन आल्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘अगं बाय, ही पाखाडी. सायकल कशी आणलीत हितून?’’ मी फोन दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पाण्याची कळशी घेऊन परत आल्या. ते पाणी मी विसरणार नाही.

शेवटच्या टप्प्यात भाच्याच्या हातून सायकल निसटली आणि मागच्या गिअरवर आपटली. मागचा गिअर ज्यावर बसतो तो हँगर वाकला. हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो. माझ्याकडे जादा होता तो माझ्या सायकलीचा, त्याच्या सायकलीला बसेना. खाली रस्त्यावर एक टेम्पो मिळाला. गुहागरला परत जायचे बाराशे रुपये सांगितले, बारा किलोमीटरला. घासाघीस केली, तो हलला नाही, आणि आमची अडचण त्याला दिसत होती. दिले. तुम्ही देऊ नका. गावात दहा मिनिटं थांबा, शाळेपाशी किंवा किराणा दुकानात विचारा, शेअर रिक्षा नाहीतर एसटीची वेळ कळेल. आमच्यात तेवढं थांबायचं त्राण राहिलं नव्हतं.

त्या रात्री गुहागरच्या खोलीत बसून मी शोधलं की हे झालं कसं. नकाशा चुकीचा नव्हता. आमच्या ॲपच्या पोटात ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशाच होता, आणि त्यात ती वाट ‘पायवाट’ म्हणून बारीक तुटक रेषेने काढलेली होती. चूक ॲपच्या निवडीची. सायकल म्हटली की पायवाट चालते असं त्याने धरलं, पृष्ठभागाची नोंद नव्हती तर तो चांगलाच असेल असं धरलं, आणि सगळ्यात जवळचा रस्ता दिला. युरोपात असं धरून बहुतेक वेळा निभत असेल. आपल्याकडे निम्म्याहून जास्त वाटांवर पृष्ठभागाची नोंदच नसते.

म्हणून ॲप निवडताना ‘नकाशा ऑफलाइन चालतो का’ हा प्रश्न सोडून द्या. आता सगळ्यांचा चालतो. जीपीएसला मुळात नेटवर्क लागतच नाही, फोन विमान मोडवर टाका, निळा ठिपका हलत राहतो. विचारायचं ते हे : रस्ता कोण निवडतं, ऑफलाइन निवडतं का, आणि त्याचं डोकं माझ्या हातात आहे का?

गूगल मॅप्स त्यामुळे पहिल्याच फेरीत बाद. शहरात वापरा, रेंज असताना हॉटेल शोधायला वापरा. पण उतरवून घेतलेल्या भागात, इंटरनेट नसताना, ते फक्त गाडीचा रस्ता सांगतं. चालण्याचा आणि सायकलचा नाही. कोकणात गाडीचा रस्ताही वाईट नाही म्हणा, निदान पायऱ्यांवर नेणार नाही.

ऑरगॅनिक मॅप्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की झालं. जुन्या फोनवरही झपाझप चालतं. सायकलचा रस्ता काढल्यावर चढउताराचा आलेख दाखवतं. रस्त्याच्या पर्यायांत जाऊन ‘कच्चे रस्ते टाळा’ चालू करा आणि ‘फेरी टाळा’ बंद आहे ना ते बघा. यापलीकडे त्यात फारसं काही बदलता येत नाही. ज्यांना फोनशी खटपट करायची नाही त्यांनी डोळे मिटून हेच घ्यावं.

मी पुढचे चार दिवस चालवलं ते ओसमअँड, आणि त्याच्या जोडीला बीराउटर. ओसमअँड पहिल्या दिवशी वैताग आणतं. मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू. फुकट आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, पण आपल्याला महाराष्ट्र आणि गोवा एवढेच लागतात. मधल्या प्रवासात घाबरून पैसे भरू नका. बीराउटर हे नकाशा दाखवणारं ॲपच नाही. ते मागे बसून फक्त रस्ता शोधतं, सायकलच्या हिशेबाने, चढ मोजून. जगाचे पाच-पाच अंशांचे चौकोन पाडलेले असतात, त्यातला हवा तो उतरवायचा. ई७०_एन१५ नावाच्या एकाच चौकोनात मुंबई, पुणे, कोल्हापूर, जवळजवळ सगळं कोकण आणि पणजीसुद्धा येतं. मग ओसमअँडच्या सायकल प्रोफाइलमध्ये जाऊन रस्ता काढण्याचं काम बीराउटरकडे द्यायचं. त्यातलं डांबरी रस्त्याला झुकतं माप देणारं ‘फास्टबाइक’ प्रोफाइल लावून मी तोच पालशेतचा रस्ता परत काढून बघितला. सड्यावरून सरळ, डांबरी रस्त्याने, चार किलोमीटर जास्त. रात्री अकरा वाजता मला रडू आलं.

बीराउटरचं ॲप फक्त अँड्रॉइडवर आहे. आयफोनवाल्यांनी ऑरगॅनिक मॅप्स घ्यावं, नाहीतर ओसमअँडमधलंच सायकल राउटिंग ‘कच्चे रस्ते टाळा’ लावून वापरावं.

तरी कोणत्याच ॲपला वाटेत नव्याने रस्ता काढू देऊ नका. आम्ही सहाव्या दिवसापासून आदल्या रात्री रस्ता काढायचो, बोटाने सरकवत पूर्ण बघायचो, कुठे तुटक रेषा आली की मधे एक थांबा टाकून तो तुकडा मोठ्या रस्त्यावर ढकलायचो, आणि तयार रेघ जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये साठवायचो. दिवसा ओसमअँडने फक्त त्या रेघेमागे जायचं. रेघ सुटली तर आवाज येतो, तेवढं पुरे. आपोआप नवा रस्ता काढण्याचं बटण बंद ठेवा. आणि सकाळी निघताना घरमालकांना रेघ दाखवा. हेदवीहून तवसाळच्या फेरीकडे जाताना आमच्या यजमानांनी नुसता नकाशा बघून सांगितलं की हा फाटा नको, पुढचा घ्या, तिथे खडी टाकली आहे. ते कुठल्याच नकाशात नव्हतं.

चढाच्या आकड्यांवर विसंबू नका. बहुतेक ॲपमधली उंची २००० साली अवकाशयानातून ११ दिवसांत केलेल्या रडार मोजणीवर बेतलेली आहे. त्यातले ठिपके एकमेकांपासून बरेच दूर, आणि दाट झाडीत रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात. घाटाच्या लांब चढाला त्याने फरक पडत नाही. कोकणातले चढ लहान आणि उभे. खाडीपासून सड्यापर्यंत शे-सव्वाशे मीटर, तेही दीड-दोन किलोमीटरात. आलेखात ते गुळगुळीत होऊन येतात. सात टक्के दिसला तर मधे कुठेतरी बारा टक्के आहे असं समजा आणि सगळ्यात हलका गिअर आधीच टाका.

गावं शोधताना तालुका बघा. मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं, एक दापोलीजवळचं, आणि दोन्ही याच वाटेवर. वाड्या आणि कोंड तर एकाच नावाचे डझनभर. देवनागरीत शोधून सापडलं नाही तर रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगं करून बघा.

फेरी रेघेत आली म्हणजे ती चालू आहे असं नाही. बोटीची वेळ, दुरुस्ती, काहीच ॲपला कळत नाही. आगरदांडा, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, चारही ठिकाणी आदल्या मुक्कामाहून फोन करून विचारा. तवसाळची बंद असली तर आबलोली, भातगाव पूल, जाकादेवी असा वळसा आहे. ती रेघही साठवून ठेवा.

बॅटरी खातो तो पडदा, जीपीएस नाही. पडदा बंद ठेवून आवाजावर चाला. विमान मोड लावा, नाहीतर खाडीत उतरलं की फोन टॉवर शोधत बसतो आणि दुपारपर्यंत निम्मा होतो. हँडलवरचा फोन अकराच्या उन्हात तापतो, पडदा काळवंडतो, घामाच्या बोटाला दाद देत नाही. मी तो पुढच्या बॅगेत ठेवू लागले आणि एका कानात इअरफोन. दहा हजार एमएएचची पॉवर बँक दोघांना दोन दिवस पुरली.

रत्नागिरी ते मालवण, मालवण ते शिरोडा छान झालं. रस्ते चांगले, पूल झालेले, वाट एकदाही चुकलो नाही. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मोचेमाडचा उतार मात्र सोडू नका.

घरी आल्यावर मी ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं. ते फुकट आहे, कुणालाही उघडता येतं, कुणालाही नकाशा दुरुस्त करता येतो. ती वाट शोधून काढली, मधला भाग तोडला आणि ‘पायऱ्या’ असा केला, जांभ्याचा दगड म्हणून नोंदवलं, साकवाची नोंद केली, सायकलला बंदी नाही पण उतरून न्यावी लागते असंही लिहिलं. वीस मिनिटं लागली. पण ही दुरुस्ती तुमच्या फोनमध्ये आपोआप येत नाही. निघण्याच्या आठवड्यात सगळे नकाशे आणि बीराउटरचा चौकोन पुन्हा उतरवा. आधीचा असेल तर त्यात ती पाखाडी अजून नुसती पायवाटच आहे.