जळगाव ते भरूच: गॅसचं मिथेनॉल होताना पाहिलं

बीएस्सीची अठरा पोरं घेऊन ताप्ती लाईननं सुरत, तिथं गाडी बदलून भरूच, मिथेनॉलचा (एक विषारी अल्कोहोल) कारखाना बघायला. नंदुरबारच्या अलीकडेच कळण्याची भाकरी आणि ठेचा संपला, तेव्हा डबा जास्त घ्या. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फोटोंच्या नादात दोघं गाडीला लोंबकळत चढले.

कारखान्याच्या गेटवर मोबाइल आणि काडेपेटी काढून घेतात. सुती कपडे, बंद बूट हवेतच. आमचा एक जण चपलांवर आला, तो दिवसभर गेटवरच्या बाकावर.

दाखवणारे साहेब शिरपूरकडचे निघाले. "काय भो, कोठला शेतस?" (कुठला आहेस?) असं त्यांनी अहिराणीत म्हटल्यावर पोरं सैलावली. आधी नैसर्गिक गॅसमधलं (म्हणजे मुख्यतः मिथेनमधलं) गंधक काढतात, नाहीतर पुढच्या निकेल उत्प्रेरकाची (रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाची) वाट लागते. मग वाफेसोबत गॅस भट्टीतल्या नळ्यांतून जातो. ८०० अंशांच्या वर मिथेन फुटून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो. भट्टीच्या झरोक्यातून त्या लालभडक नळ्या दिसतात. बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका.

पुढे हे मिश्रण दाबून तांबं-जस्ताच्या उत्प्रेरकावर सोडतात: साधारण २५० अंश आणि हवेच्या पन्नास ते शंभर पट दाब. एका फेरीत थोडंच मिथेनॉल बनतं. ते थंड करून काढून घेतात, उरलेला वायू पुन्हा फिरवतात. मला सगळ्यात आवडली ती ही चिकाटी.

शेवटी मिथेनॉलमधलं पाणी काढायला ऊर्ध्वपातन. मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळतं, पाणी शंभरावर, म्हणून वेगळं होतं. धडगावचा पोरगा म्हणाला, "सर, ही तर मोहाची भट्टी!" सगळे हसले, साहेब सोडून. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि आधी डोळे जातात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्याची ज्योत उजेडात दिसतच नाही, हेही. इंधन म्हणून चालतं, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या निम्मीच. टाकी लवकर रिकामी होणार.

कॉलेजचं पत्र आणि नावांची यादी महिनाभर आधी पाठवा. परतीची गाडी मात्र उशिराची धरा. आम्हाला तीन तास सांगितले होते, लागले पाच. सुरतला पोचलो तेव्हा आमची गाडी गेलेली. रात्र फलाटावर काढली, आणि तो चपलावाला तेवढा गाढ झोपला.