फ्यूज चांगला, बॅटरी चांगली, तरी अ‍ॅम्प गप्प

गाडी सुरू केली, स्टिरिओवर गाणं लागलं, पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, पण आवाजाचा पत्ता नाही. माझ्या गाडीत चारही दारांचे स्पीकर आणि मागचा सबवूफर (जड, खोल आवाजाचा स्पीकर) स्टिरिओचा आवाज मोठा करणाऱ्या एकाच पाच चॅनेलच्या अ‍ॅम्पवर चालतात. तो बंद पडला की सगळंच बंद.

डिकी उघडली. अ‍ॅम्पवरचा हिरवा दिवा विझलेला होता आणि प्रोटेक्टचा, म्हणजे बिघाड दाखवणारा, लाल दिवाही लागलेला नव्हता. त्यातल्या त्यात हे बरं. लाल दिवा असता तर स्पीकरची वायर कुठे पत्र्याला टेकलीय का, एखादा स्पीकर जळलाय का, की अ‍ॅम्पच आतून गेलाय, हे सगळं तपासत बसावं लागलं असतं. एकही दिवा नाही म्हणजे आधी सप्लाय बघायचा.

ज्यांना पहिल्यांदा दाखवला त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला, ‘अ‍ॅम्प गेला, नवा टाका.’ मला ते पटेना. जळका वास नाही, कुठे काळं पडलेलं नाही, आदल्या रात्रीपर्यंत व्यवस्थित वाजत होता. मी मल्टिमीटर घेऊन स्वतःच बसलो.

अ‍ॅम्प चालू व्हायला तीन गोष्टी लागतात. बॅटरीवरून थेट आलेली जाड लाल वायर, गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली तितकीच जाड अर्थिंगची वायर, आणि स्टिरिओकडून येणारी बारीक निळी रिमोट वायर. स्टिरिओ लागला की या निळ्या वायरवर 12 व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प जागा होतो. आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या आरसीए वायरींचा विचार त्यानंतर.

बॅटरीजवळचा मोठा फ्यूज आणि अ‍ॅम्पवरचे दोन छोटे फ्यूज काढून मीटरच्या बीपवर (आतला जोड सलग असेल तर मीटर वाजतो) तपासले. नुसतं डोळ्यांनी बघून फ्यूजवर भरवसा ठेवू नये, पातीला पडलेली बारीक चीर दिसत नाही. तिन्ही चांगले निघाले. मग मीटरचा काळा प्रोब (वायरच्या टोकाची सुई) डिकीच्या कुलपाच्या बोल्टवर धरला आणि लाल प्रोब अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्हवर. 12.5. स्टिरिओ लावून रिमोटवर, 12.2. दोन्ही ठीक. तरीही खात्रीसाठी पॉझिटिव्हवरून रिमोटला वायरचा छोटा तुकडा क्षणभर लावून पाहिला. दिवा लागला नाही. इथे मीही अ‍ॅम्प गेल्याचं मान्य करायच्या बेतात होतो.

मग लक्षात आलं की सगळी मापं मी गाडीच्या पत्र्यापासून घेतली होती. अ‍ॅम्पच्या स्वतःच्या अर्थिंगच्या स्क्रूवर प्रोब ठेवलाच नव्हता. म्हणून लाल प्रोब पॉझिटिव्हवर आणि काळा त्या स्क्रूवर धरला. स्टिरिओ बंद असताना 12.4. आणि स्टिरिओ लावला त्या क्षणी आकडा कोसळला, 3 च्या आसपास अडखळत राहिला. बंद केला, पुन्हा 12.4. मी हे पाच-सहा वेळा करून पाहिलं, कारण सगळं उत्तर त्या एका हालचालीत होतं.

मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. जोड कितीही गंजलेला असला, तांब्याची एखादीच तार टेकलेली असली, तरी लोड नसताना तो पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. अ‍ॅम्प करंट मागायला लागला की मात्र तेच व्होल्ट त्या खराब जोडावर खर्ची पडतात. लाल प्रोब अर्थिंगच्या स्क्रूवर, काळा कुलपाच्या बोल्टवर, स्टिरिओ चालू: मीटरवर 9 च्या वर. जिथे जवळपास शून्य हवं तिथे नऊ! एक जाड वायर त्या स्क्रूपासून बोल्टपर्यंत तात्पुरती जोडली. हिरवा दिवा लागला आणि सबवूफरने ‘धप्प’ केलं. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली आणि डिकीतला गालिचा उचलला. अर्थिंगचा बोल्ट हाताला घट्ट लागत होता. उघडल्यावर लगखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) गोल रिंगणात गाडीचा रंग तसाच दिसला, आणि मधे जिथे तो थोडा खरवडला होता तिथे तपकिरी गंज. बसवणाऱ्याने रंग काढलाच नव्हता. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर हे इतके दिवस चाललं होतं. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा भाग चकचकीत होईपर्यंत घासला, नवी लग वायरवर दाबून बसवली (क्रिंप केली), दातेरी वॉशर टाकून आवळलं आणि वरून ग्रीसचा हात फिरवला, म्हणजे ओल शिरणार नाही. जागा शोधताना एक सांगतो: सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगसाठी कधीही वापरू नका. तो जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला हात लावायचा नाही.

आता अर्थिंगचा स्क्रू ते कुलपाचा बोल्ट हे माप, जे आधी नऊच्या वर होतं, मोठ्या आवाजातही 0.05 व्होल्टच्या आत राहतं.

आवाज आला, पण पुढचा डावा स्पीकर मुका. अ‍ॅम्प बंद करून पुढच्या डाव्या-उजव्या आरसीए एकमेकींच्या जागी लावल्या. आता उजवा मुका झाला. म्हणजे स्पीकर आणि अ‍ॅम्प दोन्ही निर्दोष, दोष आरसीएत किंवा त्यामागे स्टिरिओत. नवी आरसीए टाकली, प्रश्न मिटला.

महिनाभर गाडीत एक बारीक शिट्टी येत होती, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढायचा. मी ती इंजिनाकडून येते म्हणून सोडून दिली होती. अर्थिंग नीट झाल्यापासून ती गेली आहे.